उन्हाचा रंग विकत घेताना

भुसावळमध्ये मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी रस्ते ओस पडतात आणि पार्लरमधले एसी भरून जातात. लग्नसराई असते, कॉलेजला सुट्टी असते. अशा वेळी कुणीतरी मुलगी पहिल्यांदा हायलाइट्स करायला खुर्चीत बसते. मोबाइलमध्ये वीस-पंचवीस स्क्रीनशॉट साठवलेले असतात. ते दाखवून झाले की ती हमखास एक वाक्य म्हणते, ‘ताई, नॅचरल दिसलं पाहिजे हं.’

या वाक्याचा अर्थ नीट पाहिला तर गंमत वाटते. तीन-चार तास बसायचं, चार आकडी बिल द्यायचं आणि शेवटी काही केलंय असं वाटायला नको. केस जणू आपोआप उजळले, फार तर उन्हानं.

ऊन तर खानदेशात फुकट आहे, आणि केस उजळवण्याचं काम ते शेकडो वर्षं करत आलंय. पण त्या उजळलेल्या केसांना इथं कधी कुणी छान म्हटलं नाही. मग उन्हानं उजळलेला केस लाजेचा होता, तो हौसेचा कधी झाला? आणि आपल्या केसांचं काय करायचं हे ठरवायला बाई स्वतः खुर्चीत कधी बसली? हे दोन प्रश्न एकमेकांना चिकटलेले आहेत. म्हणून थोडं मागं जाऊया.

भुरे केस

केसाचा रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो. त्याचे मुख्य प्रकार दोन: काळा-तपकिरी युमेलॅनिन आणि तांबूस-पिवळा फिओमेलॅनिन. आपल्याकडच्या केसांत युमेलॅनिन भरपूर असतं. उन्हातले अतिनील किरण हे रंगद्रव्य हळूहळू मोडतात. डोक्यावरचा वरचा थर, कपाळालगतच्या बटा आणि केसांची टोकं आधी फिकी पडतात, आतले केस काळेच राहतात. सलूनमध्ये ज्याला ‘सन-किस्ड’ म्हणतात तो परिणाम हाच.

कापूस वेचणाऱ्या, निंदणी करणाऱ्या, केळीच्या बागेत राबणाऱ्या बायकांच्या डोक्यावर तो कायम होता. डोक्यावरचा पदर किंवा रुमाल बाईला उन्हापासून वाचवायचा, तरी बाहेर आलेल्या बटा पिंगट व्हायच्याच. शेतात दिवस काढणारी पोरं तर पार भुरकी दिसायची. म्हणून भुरे केस म्हणजे घरात तेलाला पैसा नाही, पोरीला उन्हात हिंडावं लागतं, तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही, असं सगळं न बोलता सांगितलं जायचं. ‘उन्हात फिरून झिपरी झाली नुसती, ये इकडे, तेल लावते,’ हे वाक्य कितीतरी घरांत आजही ऐकू येतं. तेल चापून, घट्ट वेणी घालून पिंगटपणा दाबून टाकायचा. काळेभोर, चोपलेले, लांब केस हे सावलीत राहणाऱ्या घराचं लक्षण होतं.

याला आणखी काळी बाजू आहे. प्रथिनांची तीव्र कमतरता झालेल्या मुलांचे केस विरळ, कोरडे आणि तांबूस होतात. सिसली विल्यम्स या डॉक्टरनं १९३५ साली ‘द लॅन्सेट’मध्ये या आजाराबद्दल लिहिताना पश्चिम आफ्रिकेतल्या गा भाषेतलं ‘क्वाशिओरकोर’ हे नाव वापरलं आणि तेच पुढे जगभर रूढ झालं. मूल काही महिने उपाशी आणि काही महिने पोटभर जेवलं, तर एकाच केसावर फिकट आणि गडद असे पट्टे उमटतात. डॉक्टर त्याला ‘फ्लॅग साइन’ म्हणतात, म्हणजे झेंड्यासारखे पट्टे. कुपोषण ओळखण्याच्या खुणांमध्ये केसांचा रंग असतो, हे सातपुड्याच्या पायथ्याला काम करणाऱ्या डॉक्टरांना आणि अंगणवाडी सेविकांना वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणजे एकाच तालुक्यात एका डोक्यावरचे फिकट पट्टे भुकेचे असू शकतात आणि दुसऱ्या डोक्यावरचे हौसेचे. यात खुर्चीत बसलेल्या मुलीचा काही दोष नाही. पण ‘नॅचरल’ हा शब्द वाटतो तितका साधा नाही, हे यावरून कळतं. निसर्गानं दिलेला रंग कुणाच्या डोक्यावर आहे यावर तो शोभणार की खटकणार हे ठरत आलंय.

लपवण्याची कला

‘केलंय पण दिसू नये’ ही इच्छा मात्र आजची नाही. मराठीत तिच्यासाठी जुने शब्दच आहेत. एक शब्द गंगावन. पातळ केसांच्या वेणीत मिसळून बांधायचं हे उसनं केसांचं झुपकं. ते आपल्या केसांच्या रंगाशी मिळतंजुळतं निवडायचं आणि पेड असे घालायचे की जोड कुठे आहे ते कळू नये. मुलगी बघायला आलेल्या बायका वेणीला हात लावून पाहायच्या, त्यामागे गंगावन आहे का हे तपासण्याचाही हेतू असायचा. एका अर्थी ‘नॅचरल दिसतंय का’ याची ही परीक्षाच.

दुसरा शब्द कलप. पांढरे केस काळे करण्याचा रंग. मेंदीच्या पानांतलं लॉसोन हे द्रव्य केसांतल्या केराटिनला धरून बसतं आणि केशरी-तांबडा रंग देतं. त्यावर निळीच्या पानांचा लेप दिला की रंग काळ्याकडे झुकतो. एकोणिसाव्या शतकात डांबरापासून रंग काढण्याचं रसायनशास्त्र युरोपात बहरलं आणि पॅरा-फेनिलिनडायमाइन, म्हणजे पीपीडी, हे द्रव्य हाती आलं. आजच्या बहुतेक काळ्या हेअर डायमागे ते किंवा त्याच्या जवळची रसायनं असतात. १९०७ मध्ये युजीन श्युलेर या तरुण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं केसांचा रंग बनवून पॅरिसमधल्या सलूनवाल्यांना विकायला सुरुवात केली. १९०९ मध्ये त्यानं कंपनी काढली. तीच पुढे लॉरियल झाली.

आपल्याकडे कलप लावण्याची मुभा मुख्यतः पुरुषांना होती. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आलं. ते ज्या जरठ-कुमारी विवाहांवर तुटून पडलं, त्या काळात म्हातारा नवरदेव वय लपवू शकत होता. तो मेला की मागे राहिलेल्या मुलीच्या केसांचं काय व्हायचं, ते ठरवायला मात्र सगळा गाव मोकळा होता.

वस्तरा कुणाच्या हातात

ब्राह्मण आणि इतर काही उच्चवर्णीय घरांत विधवेचं केशवपन व्हायचं. न्हावी घरी यायचा आणि तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायचा, तोही एकदा नव्हे, जन्मभर पुन्हापुन्हा. इतर अनेक जातींत केस राहायचे, पण कुंकू, फुलं, वेणीचा थाट सगळं जायचं. न्हावी पुरुषांची हजामत करायचा, बायकांचे केस बायकाच विंचरायच्या. त्यामुळे अशा घरांतल्या बाईच्या डोक्याला न्हाव्याचा हात लागायचा तो थेट तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी. बाईनं केस कापणं अशुभ, ही भीती इतकी खोल का रुतली, याचं एक कारण इथं सापडतं.

या प्रथेवर सगळ्यात तिखट बोलणाऱ्यांपैकी एक बाई भुसावळहून फार लांबची नव्हती. भुसावळहून नागपूरच्या दिशेनं निघालं की मलकापूर लागतं, तिथून दक्षिणेला घाट चढून बुलढाणा. तिथल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटं पुस्तक लिहिलं. नवरा मेल्यावर बाईला विद्रूप करता, मग बायको मेल्यावर पुरुषाला काही का होत नाही, हा त्यांचा सवाल आजही कान लाल करतो. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीतल्या यमूचं केशवपन जबरदस्तीनं होतं. १८९०च्या दशकातल्या मराठी वाचकांना तो प्रसंग विसरणं कठीण गेलं.

पण या कहाणीतली मला सगळ्यात आवडणारी माणसं लेखक नाहीत, न्हावी आहेत. १८९० साली मुंबईत शेकडो न्हावी एकत्र जमले आणि यापुढे विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. यामागे सत्यशोधक चळवळीची प्रेरणा होती आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. लंडनच्या ‘टाइम्स’पर्यंत ही बातमी गेली. हातावर पोट असलेल्या कारागिरांनी ‘हे काम आम्ही करणार नाही’ असं म्हणणं सोपं नव्हतं. त्या एका सभेनं प्रथा संपली नाही, पण वस्तरा धरणाऱ्या हातालाही मन असतं, हे त्या सभेनं दाखवलं.

तीच गोष्ट उलट बाजूनंही सांगायला हवी. गावगाड्यात न्हावी बलुतेदार. वर्षाच्या धान्यावर तो गावाची हजामत करायचा. पण त्या गावात दलितांची डोकी मोजली जात नव्हती. दलितांचे केस कापायला नकार, ही महाराष्ट्रातल्या कित्येक गावांची आठवण आहे, आणि ती फार जुनीही नाही. म्हणजे कुणाच्या डोक्यावर जबरदस्तीनं हात ठेवायचा आणि कुणाच्या डोक्याला हातच लावायचा नाही, ही दोन्ही गणितं जात करत होती. पैसे देऊन कुणीही खुर्चीत बसावं आणि हवं ते सांगावं, ही साधी वाटणारी गोष्ट या पार्श्वभूमीवर केवढी नवी आहे!

१८६७: रेल्वे आणि पेरॉक्साइड

लुई जाक थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८१८ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड तयार केलं. पण ते डोक्यावर पोचायला पन्नास वर्षं गेली. १८६७ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात थिएले नावाचा लंडनचा केमिस्ट आणि ह्युगो नावाचा पॅरिसचा केशकर्तनकार यांनी पेरॉक्साइडनं केस फिके करून दाखवले. त्याआधी बायका केसांवर दाहक लेप लावून उन्हात बसत. आता ऊन बाटलीत आलं.

त्याच १८६७ साली जी.आय.पी. रेल्वेची भुसावळहून फुटणारी शाखा नागपूरला पोचली. १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कोलकाता लोहमार्ग जोडला गेला तोही भुसावळवरूनच. तापीकाठचं एक लहानसं गाव देशातलं मोठं जंक्शन झालं. इंजिनं, शेड, बंगले आणि त्यासोबत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड, फोरमन यांची कुटुंबं आली. रेल्वे वसाहतीत चर्च होतं, इन्स्टिट्यूट होती, नाच होते. पहिल्या महायुद्धानंतर जगभर बायकांनी केस आखूड कापले, तेव्हा खानदेशातल्या माणसांनी बॉबकट पहिल्यांदा पाहिला तो बहुधा अशाच रेल्वेच्या वस्तीत किंवा फलाटावर. सुवासिनीनं स्वतःहून कापलेले केस आणि तरीही हसती-खेळती बाई, हे दृश्य गावाच्या समजुतीत बसणारं नव्हतं. म्हणून त्याला ‘मडमेची फॅशन’ असं नाव देऊन बाजूला ठेवणं सोपं गेलं.

ही बाजूला ठेवण्याची सवय पुढे हिंदी सिनेमानंही उचलली. साठ-सत्तरच्या दशकांत नायिकेचा काळाभोर अंबाडा आणि क्लबात नाचणाऱ्या हेलनचे सोनेरी-लाल विग, अशी सरळ वाटणी होती. रंगवलेला केस म्हणजे बिघडलेली बाई. पडद्यावर टाळ्या, घरात बंदी.

वाड्यातलं पार्लर

घरातली बंदी मोडली ती हळूच, मागच्या दारानं. १९७४ मध्ये गोदरेजनं लिक्विड हेअर डाय बाजारात आणला. पुढे पावडरच्या छोट्या पुड्या आल्या आणि किराणा दुकानापर्यंत पोचल्या. आता बायकाही न्हाणीघरात जुन्या टूथब्रशनं कलप लावू लागल्या. पण उद्देश लपवण्याचाच होता. पांढरं दिसू नये एवढंच.

दुसऱ्या बाजूला पार्लर आली. कुणाच्या पुढच्या खोलीत, कुणाच्या जिन्याखाली. दारावर पडदा, आत एक आरसा, एक फिरती खुर्ची, भिंतीवर बॉयकट, स्टेपकट, यू-कटचे फोटो. पुरुषांचं सलून बहुतेक ठिकाणी जातीच्या धंद्याच्या वळणावर चालत राहिलं, पण बायकांच्या पार्लरला तशी परंपराच नव्हती. म्हणून त्यात वेगवेगळ्या जातींच्या, विधवा, परित्यक्ता, नवऱ्याची नोकरी गेलेल्या बायका शिरू शकल्या. चार-सहा महिन्यांचा कोर्स, नाहीतर आयटीआयमधला कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड, आणि स्वतःच्या कमाईचा गल्ला. शंभर वर्षांपूर्वी जिच्या डोक्यावर वस्तरा चालला असता, तिच्याच हातात आता कात्री आली. या बदलाचा कुणी पुतळा उभारला नाही, पण तो प्रत्येक तालुक्याच्या गावात घडला.

१९९४ मध्ये लॉरियलनं भारतात कंपनी सुरू केली आणि रंग लपवण्याऐवजी दाखवण्याची भाषा जाहिरातींत आली. २००१ मध्ये ‘दिल चाहता है’ आला. अधुना अख्तर यांनी केलेल्या त्यातल्या केशरचनांची चर्चा सिनेमाइतकीच झाली. त्या काळातले हायलाइट्स आठवतात? काळ्या केसांत रुंद सोनेरी पट्टे, लांबून मोजता यावेत असे. रंग केलाय हे जगाला ओरडून सांगायचं होतं. आज वीस-पंचवीस वर्षांनी त्याच मुलींच्या लेकी म्हणतात, ‘नॅचरल दिसू दे.’

काळ्या केसांचं रसायन

खरं तर काळ्या केसांवर नॅचरल दिसणं हेच अवघड काम. केसांची छटा १ ते १० अशा आकड्यांत मोजतात. १ म्हणजे गडद काळा, १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपले केस बहुधा १ ते ३च्या आसपास. ब्लीच लावलं की काळा रंग थेट सोनेरी होत नाही. आधी तांबडा, मग केशरी, मग पिवळा असे थांबे घेत गाडी पुढे जाते. घाईत मधल्या थांब्यावर उतरवलं की केशरी पट्टे राहतात. ते झाकायला वरून टोनर देतात. केशरीवर निळसर आणि पिवळ्यावर जांभळट छटा, हा रंगचक्राचा साधा नियम.

पूर्वी डोक्यावर भोकांची टोपी घालून क्रोशाच्या सुईनं बटा बाहेर ओढत. मग फॉइल आली. सध्याचा लाडका शब्द ‘बालायाज’ फ्रेंच आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे झाडणं, केर काढणं. ब्रशनं केसांवर वरवर झाडल्यासारखा रंग फिरवायचा, मुळापासून थोडं लांब, म्हणजे केस वाढले तरी सीमारेषा दिसत नाही. उन्हाची नक्कल करायची तर उन्हासारखंच करावं लागतं: वरचा थर, कपाळाजवळच्या बटा, टोकं. आणि मूळ रंगापेक्षा दोन-तीन आकडेच वर. काळ्याजवळ चॉकलेटी किंवा तांबूस तपकिरी छटा मिसळून जाते, सोनेरी छटा मात्र वेगळी उठून दिसते.

पहिल्यांदा बसणारीनं पार्लरवाल्या ताईला एक गोष्ट मोकळेपणानं सांगावी: आजवर डोक्याला काय काय लावलंय. आजीच्या सांगण्यावरून वर्षानुवर्षं लावलेली मेंदी केसांत बसलेली असते, ती सहज उतरत नाही. निळीवर ब्लीच पडलं तर हिरवट झाक येऊ शकते. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत पीपीडी असू शकतं, काहींत धातूंचे क्षार असतात, आणि अशा क्षारांची पेरॉक्साइडशी गाठ पडली तर केस तापून तुटू शकतात. म्हणून आधी एक आतली बट रंगवून पाहावी आणि ४८ तास आधी कानामागे थोडं लावून अॅलर्जी तपासावी. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिला प्रयोग करू नये. आणि नंतर भुसावळच्या उन्हात ओढणी घ्यावीच. नाहीतर ते फुकटचं काम चालू ठेवेल, टोनर उडेल आणि केशरी वर येईल.

खुर्चीत बसलेली मुलगी

हा सगळा इतिहास त्या मुलीला ठाऊक असायची गरज नाही. पण तो तिच्यासोबत खुर्चीत बसलेला असतो. घरी गेल्यावर काय म्हणतील या धास्तीत तो असतो. ‘नॅचरल दिसू दे’ या मागणीतही असतो. ती मागणी सौंदर्याची आहे तशी सावधगिरीचीही. आईला चटकन कळू नये, काकांनी टोमणा मारू नये, स्थळ आलं तर अडचण नको, आणि तरी आरशात आपल्याला आपला बदल दिसावा. उघड बंड न करता स्वतःचं थोडं करून घ्यायची ही आपल्या बायकांची जुनी रीत. पूर्वी ती गंगावनाच्या पेडात लपायची, आता फॉइलच्या घडीत.

तरी एक फरक मोठा आहे. ताराबाईंच्या काळात बाईच्या केसांबद्दल बाई सोडून सगळ्यांना विचारलं जायचं. आज पार्लरवाली ताई कंगवा हातात घेऊन त्या मुलीलाच विचारते, ‘किती उजळ करू?’ हा प्रश्न तिला विचारला जाणं, हे त्या चार आकडी बिलात न लिहिलेलं सगळ्यात महाग कलम आहे. त्यासाठी मुंबईतल्या त्या न्हाव्यांनी रोजगारावर पाणी सोडायची तयारी दाखवली होती. बुलढाण्याच्या एका बाईनं शिव्याशाप ओढवून घेत लेखणी चालवली होती.

संध्याकाळी ती बाहेर पडते. ऊन उतरलेलं असतं. कपाळावरच्या दोन बटा तांबूस चमकतात. रिक्षा स्टेशनकडे वळते, तेव्हा शेतमजूर बायकांनी भरलेला एक टेम्पो शेजारून जातो. त्यांच्या रुमालाबाहेर आलेल्या बटांचाही रंग जवळपास तोच असतो.